दीड सुताचे छर्रे

क्लॅरिनेट तोंडात धरून दाजी परब डॉक्टरांच्या खुर्चीत बसले होते आणि सूर काही निघत नव्हता. नुसती फुस्स हवा. तिसऱ्या फुंकरीला त्यांची खालची कवळी उचलली गेली, क्लॅरिनेटवर आपटली आणि टक्कन आवाज आला.

"बघलात मां डॉक्टर?" दाजींनी वाद्य मांडीवर ठेवलं. "सूर वाजणा नाय, कवळी वाजता. बँडमास्तर म्हणता, दाजी, तुम्ही आता झांजा घेवा."

डॉक्टर सबनीस हसले नाहीत. मीही नाही. दाजी मात्र स्वतःच हसले आणि हसताना कवळी परत निसटली.

हे मुलुंडच्या क्लिनिकमधलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डेंटल टेक्निशियन. डॉक्टर पेशंटच्या तोंडात काम करतात, आम्ही टेबलावर. कवळ्या, कॅप, ब्रिज आमच्या हातून होतात आणि पेशंटला आमचं नावही माहीत नसतं. घाटकोपरला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझी लॅब होती. सबनीस डॉक्टरांचं सगळं काम माझ्याकडे यायचं. ही हकिगत मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. मुळात बोलणं माझ्या स्वभावात नाही, आणि हे तर बोलण्यासारखं नव्हतंच.

दाजी कांदिवलीला राहायचे, मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट हेच त्यांचं काम उरलं होतं. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा असतो आणि वाद्याची पट्टी, म्हणजे रीड, त्या ओठावर टेकते. खालचे दात हलले की संपलं. दाजींचे सगळे दात गेले होते. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, खालचीला चिकटायला जागाच नसते. त्यात दाजींचं खालचं हाड झिजून सपाट झालेलं. मी त्यांना तीन कवळ्या करून दिल्या होत्या. तिन्ही तोंडात होडीसारख्या डोलायच्या.

तुळशीचं लग्न झालं की बँडवाल्यांचा सीझन. तोवर दाजींना वाजवता आलं नाही, तर मास्तर दुसरा क्लॅरिनेटवाला कायमचा घेणार होता.

डॉक्टर नुकतेच परदेशात इम्प्लांटचा कोर्स करून आले होते. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवायचा, तीन-चार महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग त्यावर दात चढवायचे. एक-दोन दातांसाठी असं काम कुठे कुठे सुरू झालं होतं. अख्ख्या खालच्या कमानीचं काम आमच्या उपनगरांत कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"दाजी, सहा स्क्रू," डॉक्टर म्हणाले. "त्यांवर चौदा-सोळा नाही, बारा दातांची एकच पट्टी. पक्की बसवलेली. काढायची-घालायची नाही. जेवण झकास होईल."

"जेवूक माका पेजव चलता," दाजी म्हणाले. "वाजवूक व्हये."

दाजी गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "सुर्वे, ही पहिली केस आहे. टाउनमधल्या मोठ्या लॅबशी बोललोय मी. त्यांना जमेल."

"डॉक्टर, मी करतो."

"तू कधी केलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठे केलंय?"

माझ्यासारख्या गप्प माणसाकडून हे ऐकून ते चमकले. मग म्हणाले, "बरं. पण माप म्हणजे माप. अंदाजपंचे काही नको."

"नाही होणार," मी म्हटलं.

या कामाची गंमत अशी की ते उलट्या टोकाने सुरू होतं. आधी स्क्रू आणि मग दात नाही. आधी दात कुठे यायला हवेत ते ठरवायचं, मग त्यांच्या खाली स्क्रू कुठे बसतील ते बघायचं. म्हणून मी मेणात दात मांडले. डॉक्टर तेवढ्यापुरती ती मेणाची पट्टी बोटांनी दाबून धरायचे आणि दाजी क्लॅरिनेट तोंडाला लावायचे. डॉक्टरांची दोन बोटं तोंडात, वर क्लॅरिनेट. नर्स बाहेर जाऊन हसून यायची.

"पुढले दात वायच आत घे रे," दाजी मला सांगायचे. "ओठ दुमडूक जागा नाय."

मी आत घ्यायचो. परत बघायचो. तीन वेळा केलं. चौथ्या वेळी एक लांब, खालचा सूर आला आणि दाजींनी डोळे मिटले. मी तिथेच मेणावर खूण केली. असं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. आपल्या बोटांखाली कुणाचं तरी पोट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता हाडाचं माप. खालच्या जबड्यात, मागच्या बाजूला, हाडाच्या आतून एक नस जाते. ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. पुढे ती हाडातून बाहेर पडते. पुढचे चार स्क्रू तिच्या वाटेत येत नाहीत. मागचे दोन मात्र थेट तिच्या डोक्यावर. ड्रिल खोल गेलं आणि नसेला लागलं तर ओठ बधिर. आणि हा ओठ क्लॅरिनेटवाल्याचा.

त्या काळी सीटी स्कॅन आमच्यासाठी नव्हता. ओपीजी होता, म्हणजे अख्खा जबडा एका फिल्मवर दिसणारा एक्स-रे. त्यासाठीही पेशंटला टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, पाठवावं लागायचं. ओपीजीत जबडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. किती मोठा, ते कळावं म्हणून ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी एक वस्तू तोंडात ठेवून फोटो काढायचा. फिल्मवर ती वस्तू किती मोठी झाली ते मोजलं की हाडाचाही हिशेब लागतो. मी मेणाच्या दातांवरून पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी केली. तिच्यात स्क्रूच्या सहा जागी सहा पोलादी गोळ्या बसवायच्या होत्या.

"पाच मिलिमीटरच्या घाल," डॉक्टर म्हणाले. "नक्की पाच."

मी स्टेशनजवळच्या सायकलवाल्याकडे गेलो.

"मिलिमीटर कसला?" तो म्हणाला. "छर्रे इंचात येतात. दीड सूत घेऊन जा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे फिटर, सुतार, टर्नर सगळे सुतातच बोलायचे. अजूनही बोलतात.

"दीड सूत म्हणजे किती होतात?"

"पाच धर ना. सगळे धरतात."

मीही धरले. लॅबमध्ये येऊन जॉबकार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बॉल ५ मि.मी.' मोजला नव्हता. माझ्याकडे बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर होता, टेबलावरच होता.

फिल्म आली. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरून मोजली. गोळी सहा मिलिमीटर दिसत होती. म्हणजे पाचाचे सहा. उजवीकडे मागच्या जागी नसेच्या वर हाड फिल्मवर चौदा पॉइंट चार होतं, म्हणजे खरं बारा.

"दहाचा स्क्रू," डॉक्टर म्हणाले. "ड्रिलचं टोक त्याच्यापुढे एक जातं. अकरा. वर एक शिल्लक. टाइट आहे, पण पुरेल." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान काम केलंस सुर्वे. टाउनवाल्यांनी असं केलं नसतं."

पुढचं काम म्हणजे त्याच पट्टीत गोळ्या काढून त्यांच्या जागी पोलादी नळ्या बसवायच्या. ड्रिल त्या नळीतून सरळ खाली जातं. ड्रिलवर एक कॉलर असते, ती नळीच्या काठाला टेकली की ड्रिल थांबतं. नळीची उंची जेवढी ठेवू तेवढं खोल. नळ्या मी वामनकडून करून घ्यायचं ठरवलं. वामन माझा शाळेतला मित्र, खालच्याच गाळ्यात त्याचं लेथ होतं.

तो नळ्या कापत होता आणि मी स्टुलावर बसून होतो. खिशात एक जास्तीचा छर्रा होता. वामनचा मायक्रोमीटर समोर पडला होता. उगाच चाळा म्हणून छर्रा त्यात धरला.

चार पॉइंट सात सहा.

परत धरला. तेच.

"वामन, तुझा मायक्रोमीटर बरोबर आहे ना रे?"

"माझ्या बायकोपेक्षा बरोबर आहे. का?"

"काही नाही."

मी खडूने फरशीवर हिशेब केला. हाड बारा नव्हतं. अकरा पॉइंट चार होतं. ड्रिलचं टोक जाणार अकरापर्यंत. एक मिलिमीटरची शिल्लक अर्ध्यावरही राहिली नव्हती.

ऑपरेशन परवा होतं.

आता मला सांगायला हवं होतं. फोन वामनच्या गाळ्यातच होता. डॉक्टरांचा नंबर पाठ होता. मी फोनकडे बघितलं आणि मला डॉक्टरांचा पाठीवरचा हात आठवला. टाउनची लॅब आठवली. 'नाही होणार' हे माझं वाक्य आठवलं. पेशंटच्या आधी मला माझी अब्रू आठवली, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःला म्हटलं की यातून टेबलावरच मार्ग काढता येईल.

मार्ग काढला. "वामन, मागच्या दोन नळ्या एक मिलिमीटर उंच ठेव," मी सांगितलं.

"कार्डावर तर वेगळं लिहिलंय."

"बदललंय."

नळी एक मिलिमीटर उंच म्हणजे ड्रिल एक मिलिमीटर कमी खोल. डॉक्टरांना कळणारही नाही, दाजी सुरक्षित, माझं नाव शाबूत. मला माझ्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. घरी जाऊन मी व्यवस्थित जेवलो.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी मला थिएटरमध्ये उभं केलं. "तुझी पट्टी आहे, तू हजर पाहिजेस." मास्क, टोपी, गाऊन. पुढचे चार स्क्रू सुरेख बसले. मग उजवीकडचा मागचा. ड्रिल खाली गेलं, कॉलर टेकली, थांबलं. डॉक्टरांनी खोली मोजायची सळई आत घातली; टोकाचा निमुळता खड्डा ती मोजत नाही.

"नऊ?" ते म्हणाले. परत घातली. "नऊच येतंय. दहा पाहिजे. सुर्वे, असं का?"

माझ्या तोंडावर मास्क होता. त्यामुळे माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

"नऊवरच ठेवा ना डॉक्टर," मी म्हटलं.

"नऊचा स्क्रू येत नाही. दहाचा एक मिलिमीटर वर राहील, हिरडी त्याच्यावर मिटणार नाही. का ठेवू नऊवर?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? फिल्मवर बारा आहे, तूच बॉल बसवलेस ना?"

"हो."

"मग?"

मी काही बोललो नाही. डॉक्टर दोन सेकंद थांबले. ते वाट बघत होते. दुसरा कुठला डॉक्टर टेक्निशियनसाठी एवढं थांबला नसता. मग त्यांनी पट्टी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "हाताने घेतो एक मिलिमीटर." नळी नाही, कॉलरला टेकायला काठ नाही. नुसता हात. हात त्यांचा फार चांगला होता. तरी तो आकड्यावर विश्वास ठेवून खाली गेला, आणि आकडा माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी उजव्या ओठाला बोट लावून बघितलं. चिमटा काढला. मग शांतपणे म्हणाले, "हय माका कायच लागणा नाय."

डॉक्टरांनी त्याच दिवशी उजवीकडचा तो मागचा स्क्रू काढला. डावीकडे हाड जास्त होतं, तिथे निभावलं. स्क्रू काढून झाल्यावर ते दाजींसमोर स्टूल घेऊन बसले. मी दाराशी होतो.

"दाजी, चूक माझी आहे. माझा हात जास्त गेला. सूज उतरली की स्पर्श परत येईल, बहुतेक येईल. पूर्ण येईल असं मी सांगत नाही."

दाजी रुमालाने ओठ पुसत राहिले. लाळ गळतेय की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून पुसतच राहिले.

त्यानंतरचे चार महिने मी काय केलं, ते सांगतो, पण त्याला पश्चात्ताप म्हणू नका. त्याला मी आजही काम म्हणतो. मी ठरवलं होतं की हा माणूस तुळशीच्या लग्नानंतर वाजवणार. दर सोमवारी दाजी लॅबमध्ये यायचे, मेणाची पट्टी आता मी बोटांनी धरायचो. मी पाच स्क्रूंवर बसेल अशी पट्टी पुन्हा मांडली. बधिर बाजूला रीड कुठे टेकते हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून समोर आरसा ठेवला. मग लक्षात आलं की क्लॅरिनेट मधोमध न धरता अर्धं बोट डावीकडे धरली, तर जिवंत ओठावर रीड येते. पण डावीकडे दात गोल होते, रीड घसरायची. मी डावीकडच्या दोन दातांच्या कडा सपाट केल्या, थोड्या पुढे आणल्या.

"दिसाक कसां दिसतला?" दाजींनी विचारलं.

"वाकडं दिसेल."

"दिसांदे. माझ्याकडे बघूक कोण येता? नवरीक बघतत."

सात वेळा मेण वितळवलं. सातव्यांदा त्यांनी एका लग्नाच्या चालीचा अख्खा मुखडा वाजवला. वरचा सूर फाटला. परत वाजवला. परत फाटला.

"पुरे," मी म्हटलं.

"गप रे," ते म्हणाले आणि परत वाजवला.

हिरडीखालचे स्क्रू उघडले, पट्टी बसवली. पहिल्या लग्नाला मी बोरिवलीला मुद्दाम गेलो. मंडपासमोर उभा राहिलो. दाजी होते, बिल्ल्याचा लाल कोट घालून, क्लॅरिनेट तिरपी धरून. पण मुख्य क्लॅरिनेट दुसऱ्याकडे गेली होती. वरचे सूर तो घ्यायचा. दाजी खालची साथ करायचे. जागा राहिली, पण दुसरी. ओठाला वर्षभरात अर्धाअधिक स्पर्श परत आला. अर्धाच.

सबनीस डॉक्टरांनी त्यानंतर मागच्या बाजूला एकही स्क्रू घातला नाही. दोन-तीन वर्षांत इम्प्लांट करणंच सोडलं. "माझा हात त्या कामाचा नाही," असं ते म्हणायचे. मी ऐकायचो. त्यांच्या कवळ्या करत राहायचो.

गेल्या वर्षी दाजी माझ्या लॅबमध्ये आले. पंच्याहत्तरीचे झालेत. पट्टीचा एक दात तुटला होता. दुसऱ्या एका डॉक्टरने स्क्रूंवरून सोडवून दिलेली ती पट्टी मी हातात घेतली. माझंच काम, डावीकडे वाकडे केलेले दोन दात. दाजी सहज बोलून गेले, "पट्टी तुझी मजबूत हां. पण त्या डॉक्टरान माझो ओठ खाल्ल्यान. मेलो हात घसरलो त्येचो."

मी पट्टी खाली ठेवली आणि सांगितलं. छर्रे, सूत, मायक्रोमीटर, उंच नळ्या, मास्क, सगळं. सलग. इतकं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. शिव्या देतील असं वाटलं. द्याव्यात असंही वाटलं.

"म्हणजे इतकी वर्सां मी त्या डॉक्टराक शिव्या घालतंय," ते म्हणाले, "त्यो सगळ्यो तुझ्या वाटणीच्यो?"

"हो."

"आणि तो काय म्हणता? माझो हात घसरलो, असोच म्हणता?"

"हो."

"लाव त्येका फोन."

"दाजी, मी भेटून सांगतो त्यांना."

"तू सांगशीत? तुझा सांगणां माका म्हायत झाला. लाव हयसून. माझ्यासमोर."

मी लावला. डॉक्टर आता प्रॅक्टिस करत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही.

"नळ्या तू उंच केल्या होत्यास," ते म्हणाले.

"हो डॉक्टर."

"मला वाटायचं, मी कॉलर नीट लावली नव्हती." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सुर्वे, त्या दिवशी ट्रॉलीवर सातचा स्क्रू होता. जास्तीचा आणला होता मी. 'माप चुकलंय' एवढं तू म्हटलं असतंस, तर मी तो घातला असता. दोन मिनिटांचं काम होतं."

दाजींनी माझ्या हातातून फोन घेतला, स्वतःचं नाव सांगितलं आणि डॉक्टरांना विचारलं, मुलुंडला घरी कधी असता, येऊन जातो. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी मात्र दुरुस्तीला माझ्याकडेच ठेवून गेले, कारण ती दुसऱ्या कुणाला जमली नसती.

लॅबमध्ये नवीन टेक्निशियन आला की मी त्याला बाकी काही शिकवण्याआधी एक गोष्ट सांगतो. माप चुकलं तर काम दुरुस्त करायला घेऊ नका. आधी डॉक्टरांना फोन करा. ट्रॉलीवर काय आहे, ते आपल्याला माहीत नसतं.